यकृतापासून जीवाणूपर्यंत : हेपारिनची शंभर वर्षे



आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, 'हेपारिन'. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. साहजिक आहे. ज्याने सगळी हयात तर्कशास्त्र आणि ज्ञानमीमांसा शिकवण्यात घालवली, त्याने रक्त पातळ करायच्या औषधावर काय बोलावं? म्हणून आधी कारण सांगतो, मग इतिहासाकडे वळू.

आमचे थोरले बंधू, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत, शेवटची चार वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीनदा आम्ही त्यांच्याबरोबर जाऊन बसायचो. अण्णा माळकरी. पंढरीची वारी पायी केलेले. घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. मशीन सुरू करताना तिथला मुलगा नळीत एक इंजेक्शन सोडायचा. एक दिवस अण्णांनी त्या इंजेक्शनकडे बोट दाखवून विचारलं, "हे कशाचं करतात रे?" योगायोग असा, की आदल्याच आठवड्यात आम्ही त्याच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली होती. ते डुकराच्या आतड्यापासून केलेलं होतं. आम्ही म्हणालो, "रसायन आहे, अण्णा." ते खोटं नव्हतं. जगातली प्रत्येक वस्तू रसायनच आहे. तर्कशास्त्राच्या माणसाला असत्य न बोलता खोटं कसं बोलावं, हे चांगलं ठाऊक असतं.

अण्णा गेल्यावर तो प्रश्न आमच्या मागे लागला. हे कशाचं करतात? मुळात हे आहे तरी काय? वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की हाच प्रश्न गेली शंभर वर्षं शास्त्रज्ञांच्याही मागे लागलेला आहे, आणि तो नीट न विचारल्यामुळे एकदा माणसंही दगावली आहेत. आजचं व्याख्यान त्या प्रश्नाचा इतिहास आहे.

बाल्टिमोरचं मांजराचं रक्त

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. साल १९१६. विल्यम हॉवेल हे शरीरशास्त्राचे नामवंत प्राध्यापक, रक्त कसं गोठतं याचे जाणकार. त्यांच्या प्रयोगशाळेत जे मॅक्लीन नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी काम करत होता. त्याला दिलेलं काम असं, की रक्त गोठायला मदत करणारा पदार्थ वेगवेगळ्या अवयवांतून शुद्ध करायचा. मेंदू, हृदय, यकृत यांचे अर्क त्याने काढले. काही अर्क जुने होऊ दिले, तर गोठवण्याचा गुण कमी होत गेला, आणि यकृताच्या अर्काने तर उलटंच केलं. तो घातला की रक्त गोठेचना. मॅक्लीनने पुढे लिहून ठेवलंय, की त्याने चंचुपात्रात मांजराचं रक्त घेऊन त्यात तो अर्क ढवळला, आणि गोठलं की सांगा म्हणून गुरूंच्या टेबलावर ठेवून दिलं. ते गोठलंच नाही.

म्हणजे शोधायला गेलो एक आणि हाती लागलं त्याच्या नेमकं विरुद्ध. १९१८ मध्ये हॉवेल आणि त्यांचे सहकारी एमेट होल्ट यांनी या पदार्थाला नाव दिलं हेपारिन. ग्रीक भाषेत यकृताला 'हेपार' म्हणतात, त्यावरून. आणि इथेच पहिला घोटाळा आहे. मॅक्लीनच्या हाती लागला तो बहुधा मेदासारखा पदार्थ होता. हॉवेल यांनी पुढच्या काही वर्षांत पाण्यात विरघळणारा जो पदार्थ वेगळा केला, तो साखरेच्या जातीचा होता. नाव तेच राहिलं, वस्तू मात्र बदलली. शोध कोणाचा यावर पुढे कित्येक वर्षं वाद झाला. तो बाजूला ठेवू. आपल्यासाठी महत्त्वाचं एवढंच, की या पदार्थाची ओळख पहिल्या दिवसापासून 'तो काय करतो' यावरून ठरली. तो काय आहे, हे कोणाला माहीत नव्हतं.

टोरांटो, स्टॉकहोम आणि सॉसेजची सालं

पुढचा टप्पा कॅनडातल्या टोरांटोचा. इन्सुलिनच्या शोधातले चार्ल्स बेस्ट आपल्या सर्वांना माहीत आहेत. त्यांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी हेपारिन हातात घेतलं. तिथल्या कॉनॉट प्रयोगशाळेत आर्थर चार्ल्स आणि डेव्हिड स्कॉट यांनी गुरांच्या यकृतापासून, मग फुप्फुसापासून ते शुद्ध करायची रीत बसवली. अवयव कुजत ठेवावे लागत. वास इतका भयंकर, की ते काम गावाबाहेर शेतावर न्यावं लागलं. १९३५ मध्ये माणसाला देता येईल इतकं शुद्ध हेपारिन तयार झालं. त्याच सुमाराला स्टॉकहोममध्ये एरिक योर्पेस यांनी दाखवलं, की ही साखरेच्या कड्यांची साखळी असून तिच्यावर सल्फेटचे गट भरगच्च बसलेले आहेत.

डायलिसिसची गोष्टही इथेच जोडलेली आहे. रक्त शरीराबाहेर काढून, गाळून परत घालायचं तर ते वाटेत गोठता कामा नये. १९१३ मध्ये हॉपकिन्समध्येच एबल आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर हा प्रयोग केला, तेव्हा त्यांनी जळवांच्या तोंडातून निघणारा हिरुडिन हा पदार्थ वापरला होता. जर्मनीत गेऑर्ग हास यांनी १९२४ मध्ये माणसावर पहिलं डायलिसिस केलं, तेही हिरुडिनवर, आणि १९२८ मध्ये ते हेपारिनकडे वळले. मग १९४३ मध्ये, नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, काम्पेन नावाच्या लहान गावात विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या सालीसाठी वापरतात तो सेलोफेन कागद लाकडी पिंपाभोवती गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड बनवलं. ते चाललं, कारण हेपारिन हाताशी होतं. अण्णांना मिळालेली चार वर्षं या सगळ्यांची देणगी आहे, हे आम्ही विसरत नाही.

पुढे कच्चा माल बदलला. फुप्फुसांऐवजी आतड्याचं आतलं अस्तर सोयीचं ठरलं. १९९० च्या दशकात गुरांमध्ये 'मॅड काऊ' रोगाची भीती पसरली, तेव्हा अमेरिका आणि युरोपने गुरांचं हेपारिन सोडून दिलं. उरलं डुक्कर. आणि जगात सर्वांत जास्त डुकरं चीनमध्ये. जगाला वर्षाला लागणाऱ्या सुमारे १०० टन हेपारिनचा निम्म्याहून मोठा वाटा तिथल्या कत्तलखान्यांतून येऊ लागला, आणि त्यात गावोगावचे अगदी लहान कारखानेही होते.

साखळी विणणारे हात

आता थोडं थांबून ही वस्तू काय आहे ते पाहू, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तुम्ही म्हणाल, इन्सुलिनही पूर्वी जनावरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिनचं जनुक जीवाणूत घातलं, १९८२ मध्ये ते औषध बाजारात आलं, प्रश्न सुटला. हेपारिनचं तसंच का केलं नाही?

कारण इन्सुलिन हे प्रथिन आहे. प्रथिन म्हणजे श्रुतलेखन. जनुकात मजकूर असतो, पेशी तो अक्षर न् अक्षर उतरवते. जीवाणूला मजकूर दिला की काम झालं. साखरेच्या साखळीचा असा मजकूर कुठेही लिहिलेला नसतो. ती वाकळीसारखी तयार होते. एक बाई धावदोरा घालते, दुसरी ठिगळ लावते, तिसरी काठ दुमडते. बायका त्याच, चिंध्या त्याच, तरी दोन वाकळी सारख्या निघत नाहीत. हेपारिनमध्ये या बायकांच्या जागी एन्झाइम आहेत. एक जण साध्या साखरेची साखळी विणतो. दुसरा तिच्यातले काही गट काढून त्या जागी सल्फेट लावतो. तिसरा एका साखरेचा आकार उलटा करतो. मग आणखी तिघे ठराविक जागी सल्फेट टाचतात. प्रत्येक जण काही ठिकाणी काम करतो, काही ठिकाणी सोडून देतो. म्हणून बाटलीतलं हेपारिन हा एक रेणू नसतो, ती लहानमोठ्या, कमीअधिक नटलेल्या साखळ्यांची गर्दी असते.

या गर्दीतल्या साधारण एकतृतीयांश साखळ्यांतच पाच साखरांचा एक खास तुकडा असतो, आणि रक्त न गोठू देण्याचा बहुतेक गुण त्या तुकड्यात आहे. रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन नावाच्या प्रथिनाला तो किल्लीसारखा बसतो. त्यातही एका विशिष्ट जागचा एकच सल्फेट निर्णायक. तो नसेल तर किल्ली फिरत नाही.

मग बाकीची साखळी काय करते? तिचं काम दाहाशी संबंधित आहे. जखम झाली, जंतू शिरले, की पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात आणि बाहेर पडतात. त्या चिकटण्याला हेपारिन आड येतं. दाह वाढवणाऱ्या काही प्रथिनांना ते धरून ठेवतं. आणि गंमत पाहा. शरीर स्वतः हेपारिन साठवतं ते मास्ट पेशींत, म्हणजे अ‍ॅलर्जी आणि दाह यांच्याशी संबंध असलेल्या पेशींत. तिथे ते हिस्टामिन आणि काही एन्झाइमांचं गाठोडं बांधून ठेवतं. शिंपल्यातल्या जीवांतही हेपारिनसारख्या साखळ्या सापडतात, आणि त्यांचं रक्त आपल्यासारखं गोठतही नाही. म्हणजे 'रक्त न गोठू देणारं ते हेपारिन' ही ओळख त्या वस्तूची नव्हती, आपल्या गरजेची होती. आपल्याला ज्याचा उपयोग झाला त्यावरून आपण नाव ठेवलं.

२००८ : गाय आणि शिंगं

आता त्या दुःखद प्रकरणाकडे येऊ.

२००६-०७ मध्ये चीनमध्ये डुकरांवर 'ब्लू इअर' नावाची साथ आली. असंख्य डुकरं मेली, कच्चा माल महागला. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या मुलांच्या रुग्णालयाने सरकारी यंत्रणेला कळवलं, की डायलिसिसवर असलेल्या मुलांना मशीन सुरू होताच त्रास होतोय. चेहरा सुजतो, रक्तदाब धाडकन उतरतो. चौकशी सुरू झाल्यावर ठिकठिकाणहून तशाच तक्रारी आल्या. औषध प्रशासनाकडे आलेल्या मृत्यूंच्या नोंदी ८० च्या वर गेल्या. त्यातला प्रत्येक मृत्यू याच कारणाने झाला असं सिद्ध झालेलं नाही, पण संशय दाट होता. औषध परत मागवलं गेलं. पुढे दहाहून अधिक देशांत तसाच माल सापडला.

मालात काय होतं? नेहमीच्या चाचण्यांत काहीच दिसत नव्हतं. शेवटी एमआरआय ज्या तत्त्वावर चालतं त्याच तत्त्वावरच्या, पण रेणू पाहणाऱ्या उपकरणाने चोर पकडला. एमआयटीमधले भारतीय वंशाचे राम शशिशेखरन आणि अनेक देशांतले त्यांचे सहकारी या शोधात होते. भेसळ निघाली कॉन्ड्रॉइटिनची. कॉन्ड्रॉइटिन ही कूर्चेतून, म्हणजे जनावरांच्या लवचीक हाडांतून मिळणारी स्वस्त साखर-साखळी. गुडघेदुखीच्या गोळ्यांत ती तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर कोणीतरी रासायनिक क्रियेने शक्य तितक्या जागी सल्फेट चढवले होते. निसर्गात अशी साखळी आढळत नाही. सुरुवातीच्या तपासणीत तिचं प्रमाण ५ ते २० टक्के आढळलं. हे कोणी केलं, हे जगासमोर अजून आलेलं नाही.

पण आमच्या दृष्टीने खरा प्रश्न पुढचा आहे. ही भेसळ चाचणीतून पार कशी झाली? तर अमेरिकेच्या औषधसंहितेत हेपारिनची मुख्य कसोटी अशी होती, की मेंढीच्या रक्तद्रवात ते घालायचं आणि गोठणं किती थांबतं ते मोजायचं. या बनावट साखळीलाही थोडंफार गोठणं थांबवता येत होतं. वेगळ्या मार्गाने, पण येत होतं. कसोटीने विचारलं, "तू गोठणं थांबवतोस का?" बनावट वस्तू म्हणाली, "थांबवतो." कसोटी म्हणाली, "मग तू हेपारिन."

इथे आम्हाला तर्कसंग्रहाचा पहिल्या वर्षाचा वर्ग आठवतो. अन्नंभट्टाची परंपरा सांगते, की लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष असतात. 'तांबूस ती गाय' म्हणालात तर पांढऱ्या गाई सुटतात, ही अव्याप्ती. 'शिंगं असतात ती गाय' म्हणालात तर म्हशी-बकऱ्याही आत येतात, ही अतिव्याप्ती. 'एकसंध खुराची ती गाय' म्हणालात तर एकही गाय सापडत नाही, तो असंभव. पोरं हसायची. म्हणायची, "सर, गाय ओळखायला एवढं कशाला? दिसते की." आज ती समोर असती तर सांगितलं असतं, की २००८ साली जगाच्या औषधसंहितेत शिंगांवरून गाय ओळखली जात होती, आणि रात्रीतून कोणीतरी गोठ्यात दुसरंच शिंगाळं जनावर आणून बांधलं.

त्याहून वाईट गोष्ट अशी. खऱ्या हेपारिनमध्ये दाह शमवण्याचा गुण आहे. या बनावट साखळीने रक्तातली एक साखळी-प्रक्रिया पेटवली, ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य सुटलं, त्याने रक्तदाब उतरला, आणि दाहाचे इतर निरोपेही मोकळे सुटले. दोन्ही साखळ्या सल्फेटच्याच. फरक सल्फेट कुठे आणि किती, एवढाच. एक विझवते, दुसरी पेटवते.

यानंतर कसोटी बदलली. त्या उपकरणाची तपासणी सक्तीची झाली, २००९ पासून मेंढीच्या रक्तद्रवाची जागा अधिक नेमक्या चाचण्यांनी घेतली. मग जी औषधं अशी गर्दीच्या स्वरूपात असतात, ती आपण जनावराच्या आतड्यातून जशी मिळतील तशी घ्यायची, की स्वतः नीट विणायची, हा प्रश्न मोठ्याने विचारला जाऊ लागला.

फ्रायबुर्गचे दोन जीवाणू

उत्तराचं एक टोक फार आधीच सापडलेलं होतं, आणि तेही अनपेक्षित ठिकाणी.

जर्मनीत फ्रायबुर्ग नावाचं शहर आहे. तिथे १९८१ मध्ये क्लाउस आणि बार्बरा यान यांच्या गटाने मूत्रमार्गात संसर्ग करणाऱ्या एका ई. कोलाय जीवाणूचं कवच तपासलं. या कवचाला के५ म्हणतात. ते साखरेच्या साखळीचं होतं, आणि ती साखळी म्हणजे सल्फेट न लावलेलं हेपारिनच. आपल्या पेशीतल्या पहिल्या एन्झाइमने विणलेला कोरा धागा जसा असतो, तसाच. जीवाणूने हे का करावं? लपण्यासाठी. आपल्या प्रतिकारशक्तीला परका ओळखता येऊ नये म्हणून तो आपल्याच घरचं कापड पांघरतो. वेष पालटून आत शिरणाऱ्या चोराकडेच आपल्याला हवं ते कापड निघालं.

त्याच फ्रायबुर्गची आणखी एक गोष्ट. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, आल्फ्रेड निसल नावाच्या तिथल्या डॉक्टरांनी एका सैनिकाच्या विष्ठेतून एक ई. कोलाय वेगळा केला. बरोबरच्या सैनिकांना हगवण लागली, या सैनिकाला लागली नाही, म्हणून त्याच्याकडे लक्ष गेलं. तो जीवाणू आजही कॅप्सूलमधून दिला जातो. आतड्याला सूज येऊन व्रण पडतात त्या अल्सरेटिव्ह कोलायटिस विकारात तो आजार पुन्हा उसळू नये म्हणून त्याच्या चाचण्या झाल्या आहेत, आणि नेहमीच्या औषधाच्या तोडीचा परिणाम दिसला आहे. पुढे पाहिलं तर त्याचंही कवच के५ जातीचंच. त्याचा सारा गुण कवचात आहे असं कोणी म्हणू नये, त्याची इतरही कारणं आहेत. पण एकच कवच मूत्रमार्गात दुखणं देणाऱ्याच्याही अंगावर आणि पोटाला सांभाळणाऱ्याच्याही अंगावर, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. वस्त्रावरून माणूस ओळखू नये.

के५ कवच विणणारी जनुकं शोधली गेली. मग ती निरुपद्रवी, प्रयोगशाळेत वाढणाऱ्या ई. कोलायमध्ये बसवली गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी, रेन्सेलेअर संस्थेत रॉबर्ट लिनहार्ट यांच्या गटाने के५ जीवाणू टाकीत वाढवून लिटरमागे १५ ग्रॅमपर्यंत कोरी साखळी मिळवली. जीवाणूचं खाणं काय, तर ग्लुकोज आणि थोडे क्षार. यात ना आतडं, ना कत्तलखाना.

सल्फेट कुठे टाचायचा

पण कोरा धागा म्हणजे औषध नव्हे. पुढचे टाचणारे हात हवेत. तेही जीवाणूंकडूनच करून घेतले. आपल्या पेशीतल्या त्या एन्झाइमांची जनुकं ई. कोलायला दिली. एन्झाइम हे प्रथिन, म्हणजे श्रुतलेखन, ते जीवाणूला नीट जमतं. मग एका भांड्यात कोरी साखळी आणि क्रमाक्रमाने एकेक एन्झाइम. एक अडचण होती. सल्फेट पोचवणारा रेणू, त्याला पॅप्स म्हणतात, फार महाग. तोडगा काढला तो आपल्या मंडईत रोज दिसतो. हमाल ओझं टाकून रिकामा आला, की त्याच्या डोक्यावर पुन्हा ओझं द्यायचं. दुसऱ्या एका स्वस्त रसायनातला सल्फेट काढून रिकाम्या पॅप्सला देणारा एन्झाइम जोडला, आणि तोच हमाल शंभर खेपा घालू लागला.

२०११ मध्ये लिनहार्ट आणि उत्तर कॅरोलिना विद्यापीठातले जियान लिऊ यांच्या गटांनी अशाच रीतीने अगदी आखूड, एकसारख्या हेपारिन-साखळ्या दहा-बारा पायऱ्यांत बनवून दाखवल्या. त्याच जातीचं निव्वळ रासायनिक औषध बनवायला सुमारे पन्नास पायऱ्या लागतात. तुलना करा म्हणजे महत्त्व कळेल. २०२१ मध्ये ट्रॉयच्याच गटाने आणखी एक पाऊल टाकलं. धागा, पॅप्स आणि टाचणारा एन्झाइम, तिन्ही कामं एकाच ई. कोलायच्या पोटात करून सल्फेट लावलेलं कॉन्ड्रॉइटिन मिळवलं. मात्रा अत्यल्प होती, मायक्रोग्रॅममध्ये. पण २००८ मध्ये ज्या साखळीवर शक्य तितक्या जागी सल्फेट चढवून भेसळ केली गेली, तीच साखळी आता ठरवून, योग्य जागी सल्फेट टाचून बनवता आली.

आणि आता 'सुधारित' या शब्दाचा अर्थ लागतो. जनावरातून मिळेल ते हेपारिन घेतलं, की गोठणं थांबवण्याचा गुण आणि दाह शमवण्याचा गुण एकाच पुडीत येतात. दाहासाठी द्यावं तर रक्तस्रावाचा धोका. पण आपण स्वतः विणत असू, तर त्या निर्णायक सल्फेटचा एन्झाइम घातलाच नाही तर? किल्ली बनणार नाही, रक्त जसं गोठायचं तसं गोठेल, आणि दाह शमवणारी साखळी मात्र उरेल.

लिऊ यांच्या गटाने २०२० मध्ये नेमकं हेच करून पाहिलं. अठरा साखरांची एक ठरीव साखळी त्यांनी बनवली. उंदरांना पॅरासिटामॉलचा जादा डोस दिला. आपल्या प्रत्येकाच्या घरात असलेली ही गोळी प्रमाणाबाहेर गेली की यकृत जाळते. मरणाऱ्या यकृतपेशी एक प्रथिन बाहेर टाकतात. ते आरडाओरडा करणाऱ्या माणसासारखं असतं. त्या आवाजाने पांढऱ्या पेशी धावत येतात, आणि आग विझवायला आलेल्या गर्दीने उरलेल्या घराचीच कौलं फोडावीत तसं होतं. या साखळीने त्या ओरडणाऱ्या प्रथिनाला धरून ठेवलं. यकृताची हानी कमी झाली, उंदीर अधिक वाचले, आणि रक्त गोठण्यावर परिणाम झाला नाही.

ज्या यकृतातून १९१६ मध्ये हा पदार्थ निघाला, ज्याच्यावरून त्याचं नाव पडलं, त्याच यकृताला वाचवायला त्याच जातीची साखळी शंभर वर्षांनी परत आली. अर्थात उंदरांत. उंदीर आणि माणूस यांच्यामध्ये अजून लांबचा रस्ता आहे, हे आम्ही ठळकपणे सांगतो. कोणी उत्साहाने दवाखान्यात जाऊन मागू नये.

आज कुठे आहोत

आज डायलिसिसच्या मशीनमध्ये जातं ते हेपारिन अजूनही जनावरांच्या आतड्यातूनच येतं. २०१८ मध्ये चीनमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर शिरला आणि पुन्हा तेच, डुकरं मेली, भाव चढला. आपल्याकडे जून २०२० मध्ये औषधांच्या किमती ठरवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाला हेपारिनची कमाल किंमत ५० टक्के वाढवू द्यावी लागली. का? तर कच्चा माल महागला, आणि तो बाहेरून येतो. आणि ते कोविडचे दिवस होते. गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटावर टोचायची ती लहान इंजेक्शनं आठवतात ना? तीही याच घराण्यातली. इथे बसलेल्या अनेकांच्या घरी ती आली असतील. चीनमधल्या डुकराची तब्येत आणि आपल्या घरातल्या माणसाची तब्येत एका धाग्याने बांधलेली आहे, आणि तो धागा खोक्यावरच्या बारीक अक्षरांत आहे.

जीवाणूकडून घेतलेलं हेपारिन आलं म्हणजे सगळं सुटेल का? तसं आम्ही म्हणणार नाही. मोठ्या प्रमाणात आणि परवडेल अशा भावात ते बनायचं आहे. आणि टाकीतून आलं म्हणून वस्तू आपोआप शुद्ध होत नाही. जीवाणूचे स्वतःचे विषारी अंशही त्यात राहू शकतात, ते काढावे लागतात. कसोटी तिथेही नीटच लावावी लागेल. एक फायदा मात्र निश्चित आहे. आपण काय विणलं, ते आपल्याला माहीत असेल. लक्षण वस्तूच्या परिणामावरून नव्हे, घडणीवरून करता येईल.

या शंभर वर्षांतून आम्ही एवढंच शिकलो. औषधाबद्दल तीन वेगळे प्रश्न आहेत. ते काय करतं? ते काय आहे? ते कुठून आलं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की उरलेले दोन विचारायचा आपल्याला कंटाळा येतो. २००८ मध्ये दुसरा प्रश्न विचारायचा राहिला, त्याची किंमत रुग्णांनी दिली.

आणि तिसरा प्रश्न अण्णांनी विचारला होता.

आम्ही पुष्कळदा विचार केला, की खरं सांगितलं असतं तर अण्णांनी काय केलं असतं. कदाचित म्हणाले असते, जीव वाचवायला आहे, विठ्ठल समजून घेईल. कदाचित मशीन बंद करा म्हणाले असते. दोन्ही शक्य होतं. म्हणूनच तो निर्णय त्यांचा होता, आमचा नव्हता. आम्ही पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने त्यांच्या तिसऱ्या प्रश्नाचं तोंड बंद केलं. मेंढीच्या रक्तद्रवाच्या कसोटीने जे केलं, तेच आम्ही आमच्या भावाशी केलं.

परवा आमच्या नातीला हे सगळं सांगत होतो. ती म्हणाली, "आजोबा, पण जीवाणू हाही जीवच ना? मग मोठ्या आजोबांना ते चाललं असतं का?" प्रश्न चांगला आहे. आम्ही तिला म्हणालो, की अण्णा रोज वाटीभर दही खायचे, तेव्हा बहुधा चाललं असतं. पण 'बहुधा' हा शब्द यावेळी आम्ही जपून वापरला. त्यांना विचारायला हवं होतं.